नानांचं नाक आणि संध्याकाळचा ताप

माझं लग्न ठरत होतं तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुलाचा पगार विचारला नाही. मुलाकडच्यांच्या घरी चहा झाला आणि "जरा हात धुऊन येतो" म्हणून जे आत गेले ते थेट धान्याच्या कोठीपाशी. झाकण काढलं, ओंजळभर ज्वारी घेतली, नाकाशी नेली आणि डोळे मिटून एक लांब श्वास ओढला. परतताना गाडीत त्यांनी निकाल दिला, "दाणा कोरडा शे. घर चांगलं शे." आईने कपाळाला हात लावला. आमच्या संसाराला आता चोवीस वर्षं झाली. ती कोठी जाऊन प्लास्टिकचे डबे आले, पण निकाल चुकला असं म्हणायची वेळ नवऱ्याने अजून तरी आणलेली नाही.

आमचं गाव खानदेशात, नरडाण्याजवळ. त्या पट्ट्यात नानांच्या नाकाला मोठा मान होता. कुणाला कडबा घ्यायचा असला, सरकीची ढेप घ्यायची असली, गव्हाचं पोतं जुनं की नवं अशी शंका असली, की माणूस रुमालात मूठभर नमुना बांधून आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. नाना आधी हात झटकायचे. मग नमुना दोन्ही तळव्यांत घेऊन जरासा चोळायचे, नाक ओंजळीत पार बुडवायचे आणि असा श्वास घ्यायचे की बघणाऱ्याचीही छाती फुगायची. मग एकच शब्द. "चालई" किंवा "नही चालई." पुढे वाद नाही. एकदा एकाचा गहू खताच्या गोण्यांशेजारी ठेवला होता हे त्यांनी नुसत्या वासावरून सांगितलं, आणि तो माणूस खजील होऊन खरंच तिथे ठेवला होता म्हणाला. ती गोष्ट नाना आजही सांगतात. ऐकणारा नवा असला तर दोनदा सांगतात.

मी जळगावला एका शाळेत विज्ञान शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझी जी फजिती झाली तिची धार त्याशिवाय कळायची नाही.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि पाठोपाठ दोन दिवस पाऊस पडला. ज्वारीच्या पेंढ्या शेतातच उभ्या होत्या, त्या चिंब भिजल्या. दुसरा कुणी असता तर भिजका कडबा बाजूला काढला असता. नानांना ते पटणं शक्य नव्हतं. डोळ्यांसमोर उभा असलेला चारा टाकून द्यायचा म्हणजे त्यांच्या लेखी म्हशींच्या तोंडातला घास काढून घेणं. त्यांनी पेंढ्या चार दिवस उन्हात उलट्यापालट्या केल्या आणि वरून वाळल्यासारख्या वाटल्या तशी मशीन आणून सगळ्याची कुट्टी करून घेतली. चाळीसेक पोती झाली. ती घरामागच्या खोलीत छतापर्यंत रचली आणि दार लावून घेतलं. बारीक कापून पोत्यात दाबलेल्या चाऱ्यात ओल अडकून राहते हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण आपलं नाक आहे ना, बिघडलेलं पोतं आपण पकडू, असा त्यांना भरवसा होता. दर तीन-चार दिवसांनी दुपारी नवं पोतं सुटायचं. नाना त्यात हात घालायचे, ओंजळ भरायचे, नाक बुडवायचे. "चालई." मग वहिनी ती कुट्टी टोपल्यात भरून दोन म्हशींपुढे टाकायची.

वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. भाऊ नरडाण्याच्या एमआयडीसीत कारखान्यात आहे, त्याच्या पाळ्या सारख्या बदलतात. आई गेल्यापासून घर, म्हशी आणि नाना हे तिन्ही वहिनीकडेच आहेत. ती बोलते कमी. मी बोलते जास्त. आमच्या घरात हे सगळ्यांना मान्य आहे आणि मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

थंडी पडली आणि नानांना ताप यायला लागला. ताप विचित्र होता. दुपारपर्यंत माणूस ठणठणीत, आणि दिवस कलला की हुडहुडी. अंगावर दोन गोधड्या, कोरडा खोकला, छातीवर कुणी बसल्यासारखं ओझं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ओट्यावर बसून गावाला सल्ले देताहेत. दोन-तीन दिवस बरे गेले की परत तेच. गावातल्या डॉक्टरांनी मलेरिया तपासला, नव्हता. टायफॉइड तपासला, नव्हता. सलाइन लावलं, तेवढ्यापुरतं नानांना बरं वाटलं, कारण सलाइनच्या बाटलीकडे बघायला निम्मी गल्ली जमली होती. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, आणि मिरच्यांच्या धुराने नाना असे खोकले की काकू म्हणाल्या, "बघा, ठसका लागला, उतरली दृष्ट!"

पण नाना वाळत चालले. देवळाच्या तीन पायऱ्या चढायच्या तर दुसऱ्या पायरीवर उभे राहून आभाळाकडे बघायचं सोंग करायचे. भावाने हे मला फोनवर सांगितलं. आई अशीच हळूहळू कमी होत गेली होती आणि आम्ही सगळे उद्या बघू, परवा बघू करत राहिलो होतो. मी दुसऱ्याच दिवशी रजा टाकली आणि नानांना घेऊन आले.

जळगावच्या पिंप्राळ्यात आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. खाली रस्ता, रस्त्यावर रिक्षा, समोर बांधकाम चालू, सिमेंटची धूळ थेट गॅलरीत. नाना आल्या आल्या गॅलरीत उभे राहिले, नाक वर केलं, एक श्वास घेतला आणि म्हणाले, "नही चालई." शहराची हवा ही हवाच नव्हे, हे त्यांचं जुनं मत. माझ्या लग्नापासून ते मला हेच सांगत आलेत की, बाई, तुम्ही तिथे धूर खाता, आमच्याकडे या आणि हवा खा.

आणि गंमत अशी की त्या न चालणाऱ्या हवेत नाना आठ दिवसांत सुधारले. ताप नाही. खोकला निम्म्याने कमी. जिना चढताना मधल्या वळणावर थांबणं बंद. दहाव्या दिवशी खालच्या दुकानातून स्वतः दूध घेऊन आले आणि पिशवीचा वास घेऊन दुधाला नावंही ठेवली. मला वाटत होतं ते खूश होतील. ते चक्क रागावलेले होते. "हाई काय शे?" ते मला म्हणाले. "धूर खाईसन माणूस बरा व्हस का?" पंचाहत्तर वर्षं ज्या गावच्या हवेची तारीफ केली तिने त्यांना पाडलं होतं आणि ज्या पिंप्राळ्याला नाकं मुरडली त्याने उभं केलं होतं. त्यांना हा सरळसरळ अपमान वाटत होता.

मला मात्र अगदी निराळंच वाटत होतं. मला वाटत होतं, हे मी केलं. माझ्या हातचं जेवण, वेळेवर गोळ्या, रोज गरम पाणी, लेकीचं प्रेम. मी नानांचा हसरा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आठ दिवसांत फरक!' मामा-मावश्यांनी अंगठे पाठवले. मी ते अंगठे दिवसातून चार वेळा उघडून बघत होते, हे आता लिहितानाही लाज वाटते.

नाना गावी गेले. तिसऱ्या दिवशी ताप. मी पुन्हा घेऊन आले, पुन्हा बरे. परत गेले, पुन्हा ताप. असं तीन वेळा झालं. नरडाणा ते जळगाव गाडीतले चहावालेही नानांना ओळखायला लागले. आणि गावात जे व्हायचं ते झालं. लेकीकडे बरा राहतो आणि सुनेकडे आजारी पडतो, मग खोट कुठे आहे हे सांगायला कुणाची गरज होती? दूध घ्यायला येणाऱ्या बायका वहिनीच्या चुलीवरच्या भांड्यांत डोकावू लागल्या. एकीने तर तिला तोंडावर विचारलं की सासऱ्याला शिळं तर नाही ना घालत. आमचा भाऊ रडवेला होऊन मला हे सांगत होता.

मी काय म्हणायला हवं होतं? म्हणायला हवं होतं की मूर्ख आहेत त्या बायका. मी म्हणाले, "अरे पण तिला सांग, तेल जरा कमी घालत जा." आणि मनातल्या मनात मी त्या बायकांच्या बाजूला जाऊन बसले होते. ही गोष्ट मी इतकी वर्षं शिकवलेल्या कुठल्याही पोरासमोर कबूल केली नसती. पण तसं झालं होतं खरं.

फेब्रुवारी संपता संपता नानांना तिसऱ्या खेपेचा ताप आला तो उतरलाच नाही लवकर. श्वास घेताना नखं निळसर दिसायला लागली. मी त्यांना जळगावातल्या छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वयाने माझ्यापेक्षा लहान, आवाज शांत, आणि घड्याळाकडे न बघणाऱ्या. त्यांनी नानांना एका यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं. नानांनी आपल्या नेहमीच्या थाटात छाती फुगवली, पण फुंक अर्ध्यातच तुटली. पडद्यावरची रेघ जिथे चढायला हवी होती तिथे ती चढलीच नाही. नाना म्हणाले, "नळी बारीक शे."

छातीचे फोटो काढून झाले. मग बाईंनी विचारायला सुरुवात केली. ताप किती वाजता येतो? रोज की काही दिवस सोडून? ताप आला त्या दिवशी दुपारी काय केलं होतं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी फडाफड दिली. तिसऱ्याला अडले. दुपारी काय केलं होतं? नाना म्हणाले, "काय करसू? काहीच नही. जेवनू, म्हशींकडे देखं, बसनू." बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "मी जळगावला असते, मला नक्की..." चार महिने बापाच्या आजाराबद्दल जगभर बोलणाऱ्या मला तो बाप दुपारी काय करतो हे माहीत नव्हतं.

"घरी कोण असतं त्यांच्याजवळ?" बाईंनी विचारलं.

मी वहिनीला फोन लावला आणि बाईंच्या टेबलावर स्पीकर चालू करून ठेवला. बाईंनी तोच प्रश्न विचारला. मग पलीकडे खिळ्यावरून काहीतरी काढल्याचा आवाज आला.

"डॉक्टरबाई, थांबा, कॅलेंडर लेस," वहिनी म्हणाली. "मी लिखी ठेयेल शे."

आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सिलिंडर कधी लावला, म्हैस कधी फळली, हे सगळं लिहायची वहिनीची सवय. त्याच चौकटीत तिने नानांचे ताप लिहिले होते. तापाला फुली. आणि नवं पोतं सुटलं त्या दिवसाला गोल. ती एकेक तारीख वाचत गेली. गोल, फुली. गोल, फुली. मध्ये नाना जळगावला असलेले दिवस आले. त्या दिवसांत गोल होते, कारण म्हशींना तर खायला लागतंच, पण फुली नव्हती.

"ज्या दिन नवं पोतं सोडं, त्याच दिन सांजले ताप," वहिनी म्हणाली. "एकदाबी चुकनं नही."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "पोतं सोडताना आजोबा नेमकं काय करतात?"

हे विचारायचीच खोटी. एवढा वेळ कोमेजून बसलेले नाना एकदम तरतरीत झाले. आपल्या कलेबद्दल कुणीतरी विचारत होतं. त्यांनी हात झटकले, ओंजळ केली, नसलेली कुट्टी चोळली, नाक बुडवलं आणि डोळे मिटून आपला तो प्रसिद्ध श्वास घेतला. त्या श्वासापाठोपाठ खोकल्याची उबळ आली ती दोन मिनिटं थांबेना. बाईंनी त्यांना पाणी दिलं, पाठ चोळली आणि म्हणाल्या, "आजोबा, आता सगळं कळलं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. ओला चारा दाबून ठेवला की आत तापतो आणि त्यावर बुरशी धरते. तिची धूळ इतकी बारीक की डोळ्याला दिसत नाही. नाकातले केस मोठी धूळ अडवतात, ही त्यांच्यामधून सुटून थेट फुफ्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत जाते. तिथे शरीराचे राखणदार असतात. पहिल्या काही वेळा ते तिला नुसतं ओळखून ठेवतात. पुढच्या वेळी ती दिसली की हाकाटी करून सगळी फौज बोलावतात. फौज जमायला चार-सहा तास लागतात, म्हणून दुपारी वास आणि संध्याकाळी ताप. आत बुरशी उगवलेली नाही, हा कसला रोगजंतूही नाही. आपलीच फौज आपल्याच घरात धुडगूस घालते आणि दुसऱ्या दिवशी दमून निघून जाते.

"मंग फौजले सांगा ना, घर आपलंच शे," नाना म्हणाले.

बाई हसल्या. पण पुढचं बोलताना हसत नव्हत्या. असंच चालू राहिलं तर फुफ्फुस आतून वाळलेल्या घोसाळ्यासारखं कडक होतं आणि मग ते परत नरम होत नाही. नानांच्या फोटोत एका कडेला तशी सुरुवात दिसत होती. बाकीचं वाचेल, पण एकाच अटीवर. ती धूळ परत आत जायला नको. गोळ्या काही आठवडे देते, पण खरं औषध म्हणजे ती पोती घरातून जाणं.

मला राहवेना. मी विचारलं, "मग मी गावी गेले की गोठ्यात पाय टाकताच शिंकते, मला का नाही ताप येत?" त्या म्हणाल्या, तुमचं नाकातच भागतं आणि लगेच भागतं. त्यांचं खोलवर आणि उशिरा. आणि वहिनी रोज तीच कुट्टी हाताळते, तिला काही नाही, कारण प्रत्येकाच्या राखणदारांचा स्वभाव निराळा असतो. शिवाय ती नाकाला पदर बांधते, आणि नाक पोत्यात घालत नाही.

दरवर्षी सातवीच्या वर्गात मी ओल्या पावावर बुरशी उगवून दाखवते. डबा उघडताना "कुणी नाक जवळ नेऊ नका" म्हणून मीच ओरडते. आणि माझा बाप महिनोन्महिने चाळीस पोत्यांमध्ये नाक घालत होता, तेव्हा मी फोटोला आलेले अंगठे मोजत होते.

फोन अजून चालूच होता हे मी विसरले होते. त्यातून वहिनीचा आवाज आला. चिडलेला नव्हता, उलट सुटका झाल्यासारखा होता. "अक्का, हाईच सांगाले मी तुमले तीनदा फोन करेल व्हता."

तीनदा. मला तिन्ही आठवले. एकदा मी तिला पथ्याची यादी सांगितली होती. एकदा नानांनी माझ्याकडे दोन पोळ्या जास्त खाल्ल्याचं सांगितलं होतं. एकदा मी घाईत होते. तिन्ही वेळा बोलून झाल्यावर फोन मीच ठेवला होता.

त्याच आठवड्यात भावाने उरलेली पोती बाहेर काढली आणि शेताच्या टोकाच्या खड्ड्यात खत होण्यासाठी टाकली. खोली धुऊन महिनाभर दार सताड उघडं ठेवलं. ती पोती बाहेर जाईस्तोवर नाना माझ्याकडे होते आणि रोज भांडत होते. वास घ्यायचा नाही म्हणजे काय? "नाक काय कापी टाकू?" मास्क बांधायचा म्हणजे माणसाने काय चोर व्हायचं? मी पहिले दोन दिवस भांडले. मग त्यांचं तोंड बघितलं आणि मला वाईट वाटलं. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी गाव ओट्यावर येत होतं तीच नेमकी काढून घेतली होती आम्ही. शेवटी तोड वहिनीने काढली. तिने फोनवर सांगितलं, "नाना, तुम्ही डोयाघाई देखा, हातघाई देखा. नाकनं काम आते बंद." म्हणजे डोळ्यांनी आणि हातांनी पारखायचं. दुसऱ्या दिवशी नानांनी गॅलरीतल्या कुंडीतलं वाळलेलं गवत बोटांनी मोडून बघितलं, कानाशी नेऊन त्याचा कडकडाट ऐकला आणि म्हणाले, "कोरडं शे." तेव्हा मला धीर आला.

नाना गावी गेले आणि ताप आला नाही. आठ दिवस, पंधरा दिवस, महिना. मी रोज फोन करत होते, पण भावाला. वहिनीशी बोलायचं म्हटलं की मला काहीतरी काम निघायचं. क्षमा मागायला मी तयार होते, फक्त ती फोनवर आणि हळू आवाजात मागता आली असती तर बरं झालं असतं. पण तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते भर ओट्यावर बोललं गेलं होतं. ते कुजबुजून परत घेता येण्यासारखं नव्हतं.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात, मग त्या वीस वर्षांच्या असोत नाहीतर पन्नाशीच्या. मी गेले. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला होता. चुलीवर उलटं खापर ठेवून वहिनी पुरणाचे मांडे करत होती, हातावर फिरवून फिरवून पदराएवढा मोठा मांडा खापरावर टाकत होती. धुराकडे पाठ करून लांबवर बाजेवर नाना बसले होते. गल्लीतल्या सगळ्या बायका, माहेरवाशिणी, दृष्ट काढणाऱ्या काकू, सगळ्या जमलेल्या. मला बघून काकू म्हणाल्याच, "आली का लेक! तुझ्याच हाताला यश आलं गं. तुझ्याकडे राहिले म्हणून नाना उठले."

हीच ती वेळ होती. माझे कान तापले. मी पिशवी खाली ठेवली आणि जरा जास्तच मोठ्यांदा म्हणाले, "काकू, मी काही केलं नाही. नाना माझ्याकडे बरे व्हायचे कारण माझ्या घरी बुरसटलेल्या कुट्टीचं पोतं नव्हतं. तेवढंच. त्यांना कशाने ताप येतो हे वहिनीने शोधलं. ती मला तीनदा सांगत होती आणि मी ऐकलं नाही. तुम्ही तिला बोललात तेव्हा मी गप्प बसले, आणि मनात तुमच्यासारखंच म्हणत होते. माझं चुकलं."

झोका थांबला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. काकूंनी डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला. वहिनी हातावर मांडा तसाच घेऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि ते धुराने आहेत असं दाखवायला ती चुलीकडे वळली. मला पुढे काय करावं कळेना.

तेव्हा बाजेवरून नाना म्हणाले, "हाई बी तितकं खरं नही. जळगावले जेवण बी बरं व्हतं." मी त्यांच्याकडे बघितलं, आणि ते पुढे म्हणाले, "तेल कमी व्हतं, पण बरं व्हतं."

वहिनी खळाळून हसली. तिच्या हातातला मांडा फाटला. तिच्या मागे काकू हसल्या, माहेरवाशिणी हसल्या, मीही रडता रडता हसले. आणि नाना आपल्याच बोलण्यावर खूश होऊन मोठ्याने हसायला लागले. कित्येक महिन्यांत त्यांचं हसणं पुरं झालं नव्हतं, अर्ध्यात खोकला यायचा. वहिनीला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तिने हसायचं थांबवलं, फाटका मांडा हातात धरून ती कान देऊन उभी राहिली. मीही राहिले. नाना हसत राहिले, मनसोक्त हसले, आणि मग एक साधा श्वास घेऊन गप्प बसले.